चुन्याचं बोट

अंबाजोगाईतलं बोअरचं पाणी
भांड्यावर सही करून जातं.
पांढरी, खरखरीत. घासून काढली
तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी.
आमच्या काचेवरही ती होती
आणि आम्हाला तीन महिने दिसली नाही.

दोन खोल्या. एक इनक्युबेटर. इन्व्हर्टर व्हरांड्यात.
डावीकडच्या बशांत सरळ पेशी,
उजवीकडच्या बशांत त्यांच्याच बहिणी, बिघडलेल्या.
उजगरे मॅडम त्यांना 'सुटलेल्या' म्हणतात,
दावं तोडून पिकात शिरलेल्या गुरासारख्या.

नियम एवढाच :
भोवतालचं कॅल्शियम कमी केलं
की सरळ पेशी दोन होण्याआधी थांबते,
उंबऱ्यावर चप्पल हातात घेऊन उभी राहते.
सुटलेली थांबत नाही.
तिला नखावरचा चुना पुरतो.

पण तीन महिने आमच्या सरळ पेशीही थांबेनात.
मी वही उलटीसुलटी वाचली,
वजनं पुन्हा केली, तराजूवर संशय घेतला,
मॅडमनी माझ्यावर.
एका रात्री लाईट गेली,
बॅटरीची घरघर ऐकत मला वाटलं
आता जगात सरळ असं काही उरलंच नाही.

गयाबाई आमची काच धुते.
कमरेच्या पिशवीत तंबाखू, चुन्याची पितळी डबी.
तिनं एक फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडं धरला.
"हे बघ की माय, चुना.
मह्या घागरीला बी असाच धरतो."

आम्ही मोजून मोजून काढून घेत होतो
आणि नळ ते गुपचूप परत देत होता.

मग ॲसिड, मग डिस्टिल्ड वॉटर, चार चार वेळा.
गयाबाईचे हात सोलले. हातमोजे तिला 'सुचू देत नाहीत'.

पेशीच्या आत एक प्रोटीन असतं कॅल्शियम धरणारं.
पुस्तकात त्याला हात म्हणतात :
अंगठा, तर्जनी, मध्ये एक कण.
असे चार हात. कण सापडला की ते अंग मोडून बदलतं,
झोपलेल्यांना हलवायला निघतं.
सुटलेल्या पेशींत त्याची गर्दी जास्त.
ही आकृती मी एम.एस्सी.ला पाठ केली होती.
कळली ऑटोक्लेव्हच्या मागं, दुपारी दीडला,
गयाबाईच्या तळहातावर.

"किती चुना घेता?"
"लई झाला तर तोंड पोळतं. कमी पडला तर लागत न्हाई.
बोटाला कळतंय."

बोटाला कळतंय.
बाहेर दहा हजार घागरी, आत एक,
आणि पेशी जन्मभर उपसत बसते
तो एकीचा हिशेब राखायला.

चौथ्या दिवशी डावीकडच्या बशा थांबल्या.
उजवीकडं एकावर एक चढलेल्या,
जागा नसताना जागा करत.
गयाबाईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
"यातली चांगली कोणची?"
थांबलेली, मी म्हणाले.
"थांबलेली व्हय! मी उलटंच धरून चालले होते."

मग तिनं गाल ओढून आतून दाखवला.
"बघ बरं हे. घासून जाईना.
आपल्या पाण्याचंच असंल."
पांढरं. खरखरीत.
माझ्या चिमटीत पेन होतं,
ते मी खाली ठेवलं नाही, उचललंही नाही.

ओपीडीचा नंबर कागदावर लिहून दिला.
समोरचीच इमारत. रस्ता ओलांडला की झालं.
"उद्या," ती म्हणाली,
आधी चाळीस फ्लास्क धुतले, पालथे घातले,
जाताना डबी माझ्या टेबलावर ठेवली :
"फेकू नको. पितळंची हाय."

ती खणात आहे, लिटमसच्या पट्ट्यांशेजारी.
काल उघडली. चुना वाळून भेगाळलाय,
फक्त मधोमध एक खळगा,
बोटाएवढा.